‘आम्ही कुणापुढे हात पसरले नाहीत’: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

न्यू जर्सीत अडचणीत सापडलेल्या आपल्या कुटुंबांना मदत कुठे मिळते, यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "आम्ही सत्तरच्या दशकात खिशात आठ डॉलर घेऊन आलो, कुणापुढे हात पसरले नाहीत. मराठी माणूस फूड पँट्रीच्या (फुकट धान्य वाटणाऱ्या केंद्राच्या) रांगेत उभा राहणार? शिवाय अशी मदत घेतली की ग्रीन कार्ड अडतं. आणि महाराष्ट्र मंडळ आहे ना!"

आठ डॉलरची गोष्ट खरी आहे. तेव्हा परकीय चलन तेवढंच मिळायचं. पण 1965 च्या अमेरिकी इमिग्रेशन कायद्यानंतर आलेले तुमच्या पिढीतले कितीतरी डॉक्टर-इंजिनियर ग्रीन कार्ड घेऊनच विमानातून उतरले. नोकरी सुटली तरी देश सुटत नव्हता. काकूंनाही पहिल्या दिवसापासून कुठेही काम करता येत होतं. आज एच-वन-बीवाल्याची, म्हणजे कंपनीच्या नोकरीवर मिळणाऱ्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याची, नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी कंपनी नाहीतर दुसरा व्हिसा शोधायचा, ते न जमल्यास सामान बांधायचं. बायको एच-फोरवर, म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. 2015 पासून तिला कामाची परवानगी मिळू शकते, पण नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोचला असेल तरच. ग्रीन कार्डाची रांग कित्येक वर्षांची, कारण एका देशाच्या वाट्याला दरवर्षीच्या कोट्यातले साधारण 7 टक्केच. म्हणजे भाडं, गाडीचा हप्ता, पोरांचा खर्च, सगळं एका पगारावर. तो थांबला की तुमचा स्वाभिमान त्यांना कसा पुरणार?

ग्रीन कार्ड अडण्याची भीती सगळीकडे ऐकू येते, आणि तिच्यापायी लोक उपाशी राहतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. ‘पब्लिक चार्ज’चा, म्हणजे सरकारी मदतीवर जगेल असं वाटणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याचा, नियम 2019 मध्ये कडक झाला, 2021 मध्ये ती कडक आवृत्ती गेली, 2022 मध्ये नवा नियम आला. त्यात भर आहे तो उदरनिर्वाहासाठी सरकारकडून रोख पैसे घेण्यावर आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहण्यावर. चर्चच्या तळघरातल्या पँट्रीचं धान्य त्यात बसत नाही. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठीची ‘विक’ योजना तर 2019 च्या कडक नियमातही मोजली जात नव्हती. मात्र सरकार बदललं की हा नियम पुन्हा उकरला जातो. म्हणून सरकारी योजनेचा अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नाही. (तिथे सगळेच वकील असतात.)

आता मंडळ. मंडळाने पुष्कळ केलं आहे. कुणी गेलं तर पार्थिव भारतात पाठवायला एका रात्रीत पैसे उभे राहतात, हे मी पाहिलं आहे. पण नवरा मारतो हे सांगायला बाई मंडळात कशी जाईल? खजिनदार त्याचा मित्र, अध्यक्षांच्या घरी दोघांचं जाणं-येणं. तिला ओळखीचं माणूस नकोच असतं. याच न्यू जर्सीत 1985 पासून ‘मानवी’ ही संस्था अशा मार खाणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांना मदत करते आहे. गरज नसती तर ती इतकी वर्षं चालली असती का? हॉस्पिटलमध्येही अशा बाईने दुभाषा मागावा. तो फुकट मिळतो, बहुधा फोनवर. नाहीतर दुखण्याचं कारण डॉक्टरला नवराच सांगतो.

मुलांच्या बाबतीत तर लाजेचा प्रश्नच येऊ नये. जानेवारी 2023 पासून न्यू जर्सीत उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या 19 वर्षांखालच्या मुलांना व्हिसाचा दर्जा न पाहता सरकारी आरोग्य विमा मिळतो. त्यासाठी राज्य पैसे देतं, आणि राज्याला कर आपणही भरतो.

तुम्ही मंडळाच्या कार्यकारिणीवर होतात, तुमचा शब्द तिथे चालतो, म्हणून एक मागणं आहे. यंदाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या पत्रिकेवर मागच्या बाजूला ‘211’ हा फोन नंबर छापून घ्याल का? राज्यभरासाठीची मदतवाहिनी आहे, चोवीस तास चालते आणि विचारणाऱ्याचं नाव बाहेर जात नाही. जाहिरातींमधून एक ओळ तरी निघेलच.