‘दोन अँटीव्हायरल मागून घ्या’ म्हणे!

तासगाव, विटा, जत, कुठल्याही गावचा भावकीचा ग्रुप उघडा, हा मेसेज आलेलाच आहे. आता तो मिरजेत आयसीयूबाहेरच्या बाकड्यांपर्यंत पोचलाय आणि राउंडवरच्या डॉक्टरांपुढे मोबाइल धरून ‘हे का देत नाही?’ असं विचारलं जातंय. मजकूर साधारण असा: ‘व्हायरल न्यूमोनियात एकच अँटीव्हायरल (व्हायरसवरचं औषध) म्हणजे अर्धवट उपचार. एचआयव्हीला तीन औषधं देतात, मग इथे एकच का? डोस दुप्पट करायला सांगा. घरी कोविडच्या वेळच्या फॅविपिराविरच्या गोळ्या असतील तर सकाळ-संध्याकाळ एकेक द्या, डॉक्टर स्वतःहून सांगणार नाहीत. परदेशात दोन औषधांनी व्हायरस निम्म्या वेळात जातो. अँटिबायोटिक लावलं तर बिल फुगवतायत समजा. आणि दोन दिवस उलटून गेले असतील तर अँटीव्हायरलचा उपयोगच नाही.’ तळाला ‘मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडून’. डॉक्टरांचं नाव नाही. ते कधीच नसतं.

आधी त्या घरच्या गोळ्या. बाकीच्या वाक्यांनी फार तर वादावादी होईल, हे वाक्य जीवावर बेतू शकतं.

फॅविपिराविरची आपल्याकडची नेहमीची गोळी २०० मिलिग्रॅमची. कोविडमध्ये पहिल्या दिवशीचा डोस होता १८०० मिलिग्रॅम, दोनदा. म्हणजे सकाळी ९ गोळ्या, रात्री ९ गोळ्या, आणि दुसऱ्या दिवसापासून ४-४. ‘सकाळ-संध्याकाळ एक’ म्हणजे पहिल्या दिवसाच्या डोसाचा नववा हिस्सा. व्हायरसला त्याने काही होत नाही. बरं, मोजून पूर्ण डोस दिला तरी हे औषध युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर पडू देत नाही, लिव्हरची एन्झाइम्स वाढवू शकतं, आणि गरोदरपणात तर सक्त मना आहे, गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो. ज्या जपानमध्ये ते तयार झालं तिथेही २०१४ साली मंजुरी देताना अट घातली होती: नव्या प्रकारचा फ्लू आला आणि बाकीची औषधं चालेनात, तरच. त्यात घरच्या स्ट्रिप बहुतेक २०२०-२१च्या, मुदत केव्हाच संपलेल्या.

आता ही गोळी चोरून दिली की वॉर्डात काय होतं ते बघा. रुग्ण १५ लिटर ऑक्सिजनवर, तोंडाला पिशवीचा मास्क. नातेवाईक मास्क बाजूला करतात, गोळी ठेवतात, घोटभर पाणी पाजतात. तेवढ्यात सॅच्युरेशन झरझर उतरतं, आणि धाप लागलेल्या माणसाला गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसत नाही, पाणी श्वासनलिकेत जातं. आधीच भरलेल्या फुफ्फुसात आणखी भर. सिस्टरच्या चार्टवर या गोळीची नोंद नसते. दुसऱ्या दिवशी लिव्हरचा रिपोर्ट बिघडून आला की डॉक्टर चार्टवरच्या औषधांवर संशय घेणार आणि कदाचित जे लागू पडतंय तेच बंद करणार. चोर सोडून संन्याशाला फाशी!

दुसरं, दुप्पट डोस. फ्लूच्या न्यूमोनियात ऑसेल्टामिविर या नेहमीच्या अँटीव्हायरलचा मोठ्या माणसाचा डोस ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस. आजार गंभीर असेल तर डॉक्टर दिवस वाढवतात. दुप्पट डोस तपासून झालाय. इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड आणि व्हिएतनाममधल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या ३२६ रुग्णांवर, त्यात मुलंच जास्त. तो अभ्यास ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ मध्ये आलाय. फायदा शून्य.

उलट आपल्याकडे बऱ्याचदा डोस कमी करावा लागतो. ७० वर्षांचे आजोबा घ्या, वजन ५० किलो, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.८. किडनी किती काम करते याचा हिशेब असा: १४० वजा ७० म्हणजे ७०, गुणिले ५० म्हणजे ३५००. भागिले ७२ गुणिले १.८, म्हणजे १२९.६. उत्तर आलं २७. (आजी असतील तर याला आणखी ०.८५ने गुणायचं.) हा आकडा ३० ते ६०मध्ये असेल तर ३० मिलिग्रॅम दोनदा, १० ते ३०मध्ये असेल तर ३० मिलिग्रॅम दिवसातून एकदाच. म्हणजे या आजोबांना दिवसाला ३० मिलिग्रॅम पुरतात, आणि मेसेज सांगतो ३०० द्या. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं, किडनी दमलेली असली की ते अंगात साठत राहतं.

एचआयव्हीची तुलना ऐकायला बिनतोड वाटते, पण ती चुकीची आहे. एचआयव्हीत औषध जन्मभर घ्यायचं असतं. एकच दिलं तर व्हायरस बदलून त्याला पुरून उरतो, म्हणून तिहेरी मारा. फ्लूत खेळ आठ-दहा दिवसांचा. शिवाय औषधं एकमेकांना मदतच करतात असंही नाही. ऑसेल्टामिविर आणि झानामिविर ही फ्लूची दोन्ही औषधं व्हायरसच्या एकाच एन्झाइमला धरतात, म्हणजे एकाच कडीला दोन कुलपं. फ्रान्समध्ये २००८-०९च्या हिवाळ्यात घरी उपचार घेणाऱ्या ५४१ रुग्णांत ही जोडी एकट्या ऑसेल्टामिविरपेक्षा कमी पडली. कोविडमध्ये रेमडेसिविरसोबत क्लोरोक्विनच्या कुळातली औषधं देऊ नका, रेमडेसिविरचा जोर कमी होऊ शकतो, असं अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेला, जून २०२०मध्ये सांगावं लागलं.

‘व्हायरस निम्म्या वेळात जातो’ यात मात्र तथ्य आहे, हे नाइलाजाने का होईना मान्य करायला हवं. फ्लॅगस्टोन नावाची चाचणी झाली, २०२२ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये आली. गंभीर फ्लूने दाखल झालेले ३६६ रुग्ण. एका गटाला ऑसेल्टामिविरसारखं नेहमीचं औषध, दुसऱ्याला त्यासोबत बॅलॉक्सेविर हे फ्लूचं दुसरं औषध. ही दोन औषधं व्हायरसला वेगवेगळ्या ठिकाणी अडवतात, म्हणजे जोडी कागदावर तरी चोख. व्हायरस बाहेर पडणं थांबायला एकट्या औषधाने ६३.७ तास लागले, जोडीने २३.९ तास. मेसेजवाल्याने बहुधा इथपर्यंतच वाचलं. रुग्णाची तब्येत सुधारायला किती वेळ लागला? जोडीने ९७.५ तास, एकट्याने १००.२. हा फरक संख्याशास्त्रात टिकत नाही.

असं का? कारण माणूस दाखल होईपर्यंत फुफ्फुसात सूज आलेली असते, पाणी भरलेलं असतं, कधी वर बॅक्टेरियाही बसलेले असतात. नाकातला व्हायरस लवकर गेला म्हणून ते पाणी लवकर उतरत नाही. चीनमध्ये फॅविपिराविर आणि ऑसेल्टामिविर या जोडीचे आकडे बरे आले होते हेही खरं, पण तिथे कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं, आणि जोडी मिळालेले रुग्ण होते फक्त ४०. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे अशांना तज्ज्ञ कधीकधी दोन अँटीव्हायरल देतात. तो निर्णय वॉर्डात होतो, ग्रुपवर नाही.

अँटिबायोटिकचं थोडक्यात. फ्लूच्या मागोमाग स्टॅफिलोकोकस किंवा न्यूमोकोकस असा बॅक्टेरिया फुफ्फुसात शिरतो, आणि सुरुवातीला एक्स-रेवरून न्यूमोनिया व्हायरसचा की बॅक्टेरियाचा हे सांगता येत नाही. अँटिबायोटिक सुरू करायचं आणि कल्चरमध्ये (नमुन्यात बॅक्टेरिया वाढतात का ही तपासणी) काही नसेल तर थांबवायचं, हीच रीत. बिलावर शंका असेल तर बिल मागा, अँटिबायोटिक बंद करायला सांगू नका.

राहिले ते दोन दिवस. पहिल्या ४८ तासांत ऑसेल्टामिविर सर्वांत चांगलं चालतं, एवढं बरोबर. पण दाखल करण्याइतक्या आजारी माणसाला ते तिसऱ्या-चौथ्या दिवशीही सुरू करतात, आणि रिपोर्टची वाट न बघता. नाकाचा स्वॅब निगेटिव्ह आणि फुफ्फुसातला नमुना पॉझिटिव्ह असंही होतं, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात तर विशेष. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून पूड साखरेच्या पाण्यात कालवून नाकातल्या नळीने देता येते, तेही सिस्टरनेच द्यायचं. तेव्हा राउंडला काही विचारायचंच असेल तर एवढं विचारा: पहिला डोस किती वाजता गेला, आणि तो क्रिएटिनिन बघून ठरवलाय ना? सोबत घरच्या नेहमीच्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या, दाखवायला.