घरी बांधलेल्या विमानात पैसे देऊन शिकणं बेकायदा? नाही

‘अमेरिकेत स्वतः बांधलेल्या एक्सपेरिमेंटल (प्रायोगिक वर्गातल्या) विमानात पैसे देऊन प्रशिक्षक घेता येत नाही’ असा मेसेज फिरतोय. तो जुना आहे. जुलै २०२१ मध्ये एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, मालकालासुद्धा त्यासाठी वेगळं सवलतपत्र (नियमातून सूट देणारं पत्र) लागेल असं म्हटलं, आणि गोंधळ उडाला. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने ती अट काढली. आता विमान शिकणाऱ्याच्या स्वतःच्या मालकीचं असेल, तर प्रशिक्षकाला त्याची फी खुशाल द्यावी. मात्र स्वतःचं एक्सपेरिमेंटल विमान जाहिरात करून शिकवायला भाड्याने देणाऱ्याला ते पत्र आजही लागतं. मेसेजमधलं अर्धसत्य ते इथलं.

‘लायसन्स आहे, मग शिकायचं काय?’ हे त्याच मेसेजचं शेपूट तर आणखी घातक. सेसना १७२ या नेहमीच्या शिकाऊ विमानावर शंभर तास काढलेला माणूस आखूड पंखांच्या, हलक्या विमानात बसतो. उतरताना सवयीने थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण मागे ओढतो आणि विमान तरंगायच्या ऐवजी धपकन खाली येऊ लागतं. विमान वळवायची दांडी, म्हणजे स्टिकही इतकी हलकी, की मनगट हललं तरी नाक वर. एफएएचं ९०-१०९ए हे मार्गदर्शक पत्रक म्हणूनच सुचवतं की त्याच किंवा तशाच स्वभावाच्या विमानात, ते विमान जाणणाऱ्या प्रशिक्षकासोबत आधी उडा. सक्ती नाही, सल्ला आहे.