दुर्मिळ म्हणे!

परत तो फॉरवर्ड फिरायला लागलाय. 'विस्मरणात गेलेले मराठी शब्द, तुम्हाला किती येतात?' वळचण, पागोळी, इर्जिक, पाणंद, वाफसा आणि खाली हात जोडलेले इमोजी. माझा एकच प्रश्न, दुर्मिळ कुणासाठी बाबा?

वाफसाच घ्या. यादीत अर्थ दिलाय 'ओलावा'. अरे ओलावा तर चिखलातपण असतो! पाऊस पडून गेला, जास्तीचं पाणी निचरलं, मातीत ओल आहे आणि हवापण खेळतीये, मग तो वाफसा. मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू वळायचा आणि सोडायचा खाली, फुटून भुगा झाला तर वाफसा आला, थपकन् तसाच बसला तर थांबा अजून. दर जूनला कृषी खातं घसा कोरडा करून सांगतं की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, वाफसा बघा, नाहीतर दुबार पेरणी ठरलेली. बी-बियाणं, खत, उधारी सगळं ज्या शब्दावर अडलेलं असतं तो शब्द म्हणे विस्मरणात गेला! बोलताना बरेच जण वापसा म्हणतात, काही भागात 'घात आली' असंही म्हणतात, आता घात म्हणजे फक्त दगाफटका एवढंच ज्याला माहितीये तो हे ऐकून दचकायचाच.

पाणंदीचं तर विचारूच नका. शेतात जायची ती वाट, दोन्ही बाजूंनी बांध नाहीतर काटेरी कुंपण. तिच्यावरच्या अतिक्रमणाची भांडणं तहसीलदारापर्यंत जातात, सरकारची शेत-पाणंद रस्त्यांची योजना आहे. जीआरमध्ये बसलेला शब्द कसला दुर्मिळ?

इर्जिकचा अर्थ कायम 'एकमेकांना मदत' असा देतात, ते मात्र मला खटकतं. एकमेकांना करतात ती सावड, आज तुझ्या रानात उद्या माझ्या, कामाला काम, त्याचा हिशोब असतो. इर्जिक वेगळी. एखाद्याचं काम अडलं की गावातली औतं आणि माणसं एका दिवसात ते उरकून देणार, पैसे नाहीत, पण घरधन्यानं जेवण मात्र झकास घालायचं. ट्रॅक्टर आला नि ही पद्धतच गेली बऱ्याच ठिकाणी, म्हणून हा शब्द खरंच विरळ झालाय. तसंच वळचण-पागोळीचं. छपराची भिंतीबाहेर आलेली कड ती वळचण, पावसात तिथल्या कौलाच्या टोकावरून धार लागते ती पागोळी, स्लॅबच्या घराला ती आणायची कुठून? 'आढ्याचं पाणी वळचणीला' ही म्हण तेवढी राहिली, बोलणाऱ्याच्या घराला ना आढं ना वळचण. इथे हळहळ वाटली तर समजू शकतो.

पण मग अर्थ तरी नीट द्या की. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत, टाइप करायला किती वेळ लागतो?

आणि पुढच्या यादीत 'पोटखराबा' (शेतातली लागवडीला न येणारी जमीन) नि 'पैसेवारी' (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, पैशांत मांडलेला) पण टाका. मग कुठल्याही शेतकऱ्याला झोपेतून उठवून अर्थ विचारा, पैसेवारी 50 पैशांच्या आत लागली का वर, ते पण सांगेल तुम्हाला.