एकच की!

स्कूटर, सायकल आणि पाण्याची मोटर यांची सोय लावल्यावर पार्किंगमध्ये जी 8 बाय 10 फुटांची जागा उरते, तिथं टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर आलेली करवत) आणि राऊटर टेबल (राऊटर म्हणजे फिरत्या बिटनं लाकडात खाच पाडणारं यंत्र) अशी दोन बिऱ्हाडं मावत नाहीत. मग डोकं चालतं. सॉचंच टेबल उजवीकडं वाढवू, त्यात राऊटर उलटा टांगू. फळी जिला टेकवून सरकवायची ती फेन्स दोघांत एक, व्हॅक्यूम एक, टेबल एक. कागदावर चित्र फक्कड जमतं. कागदावर नसतात ते कोल्हापुरी बाजारातले दोन शब्द: "एकच की!"

सुरुवात उद्यमनगरात चौकोनी पाइप घेण्यापासून. दीड इंची, 2 मिमी जाडीचा घ्यावा. वजनावर मिळतो, 20 फुटी एक नळी साडेतेरा किलोच्या आसपास भरते. वरची चौकट 1200 बाय 750 मिमी, तशीच एक खाली, 700 चे चार पाय आणि सॉ ठेवायला 750 च्या दोन आडव्या पट्ट्या. बेरीज 12.1 मीटर. दोन नळ्यांत 12.19 मीटर येतात, म्हणून माणूस खुशीत दोनच घेतो. तुकडे मांडायला लागलं की कळतं, बेरीज जुळली तरी नळीमागं जेमतेम 46 मिमी उरतात, त्यात कटिंगचं चाक प्रत्येक कापाला दोन-अडीच मिमी खातं, आणि एक काप चुकला की खेळ संपला. तीन नळ्या घ्याव्यात. उरलेल्या पाइपाचं घरात काहीतरी होतंच, निदान कपडे तरी वाळतात.

वेल्डरला काय सांगायचं ते आधीच ठरवून जावं. आधी सगळ्या सांध्यांना नुसते टाके. मग दोन्ही कर्ण मोजायचे. 1200 बाय 750 ला कर्ण 1415 यायला पाहिजे आणि दोन्ही कर्णांत फरक 1 मिमीच्या आत. ते जमलं की समोरासमोरचे सांधे आलटूनपालटून भरायचे. एका कडेनं भरत गेलं तर वेल्ड गार होताना आकसतो आणि चौकट तळलेल्या पापडासारखी एका कोपऱ्यात उचलते. एक कर्ण 1418 आणि दुसरा 1412 दिसला की उत्तर ठरलेलं असतं: "सहा एमएम ओ दादा, एवढ्या मोठ्या टेबलाला! एकच की." त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. गेटला सहा मिमी कुणी विचारत नाही. हे गेट नाही, एवढंच गोड शब्दांत, शक्यतो चहा सांगून झाल्यावर, समजवायचं असतं.

वरची फळी म्हणजे 18 मिमीचे दोन प्लाय, एकमेकांना फेव्हिकॉलनं चिकटवलेले. 18 म्हणून घेतलेला प्लाय मोजला की बऱ्याचदा 17 आणि काहीतरी भरतो, म्हणून खाच पाडायची ती हातातल्या तुकड्याच्या मापानं, बिलावरच्या नव्हे. सनमायका वर आणि खाली, दोन्हीकडं लावायचा. "खालून कोण बघतंय ओ?" हा प्रश्न येणारच. खालून जुलै बघतो. कोल्हापूरच्या पावसात उघडी बाजू दमट हवा पिऊन फुगते, वरची बंद असल्यामुळं फुगत नाही, आणि फळीला मधोमध वाटी पडते. वाटीत राऊटर टांगला की त्याचे चार-पाच किलो ती आणखी खोल करतात.

राऊटर जिला टांगायचा ती अॅल्युमिनियम प्लेट 8 मिमीची असेल तर तिच्यासाठी टेबलात खाच साडेआठ खोल ठेवावी आणि कोपऱ्यांत लेव्हलचे स्क्रू द्यावेत. पट्टी उभी धरून प्लेट आणि टेबल एका पातळीत आणायचं. प्लेट केसभर खाली राहिली तरी फळी बाहेर पडताना काठाला अडते, आणि नेमक्या त्या ठिकाणी बिट जास्त वेळ घासून लाकूड काळं करतं.

आता बिट. इथं "एकच की" थेट अंगावर येतं. राऊटर अर्धा इंची, म्हणजे बिटचा दांडा पकडणारं कोलेट 12.7 मिमीचं. दुकानात 12 मिमीच्या दांड्याचं बिट पुढं येतं. "अर्धा इंच म्हंजे बाराच की ओ!" उलटं झालं असतं तर बरं होतं, 12 च्या कोलेटात 12.7 चा दांडा शिरतच नाही. पण 12 चा दांडा 12.7 मध्ये गुमान बसतो, नट आवळल्यावर घट्टही लागतो, आणि मिनिटाला वीस हजार फेऱ्या सुरू झाल्या की हळूहळू बाहेर सरकायला लागतो. राऊटर उलटा असल्यामुळं बाहेर म्हणजे वर. खाच 10 मिमीवर सुरू होते आणि फळीच्या टोकाला 13 वर संपते, तेही नशीब चांगलं असेल तर. 6 मिमी आणि पाव इंच, म्हणजे 6.35, यांचं भांडणही हेच. बिट घालतानाही तळाला टेकवून तसंच आवळू नये. 2-3 मिमी वर उचलून मग नट फिरवावा. आवळताना कोलेट बिटला जरासं खाली ओढतं, आणि खाली जागाच नसेल तर पकड अर्धवट राहते. दोन इंचावरचं बिट लावलं तर वेग 16,000 च्या खाली, तीन इंची पॅनल बिट असेल तर 12,000 च्या आसपास.

सॉसोबत आलेली फेन्स राऊटरपर्यंत पोचत नाही. पुढच्या कडेला टेबलाच्या पूर्ण लांबीचा अँगल बसवून नवी फेन्स करावी लागते. तिच्या उजव्या अंगाला प्लायची खोटी फेन्स बोल्टनं लावायची, बिट आत शिरेल एवढा गाळा कापून. आधी पातं सॉच्या टेबलावरच्या सरळ लांब खाचेला समांतर करायचं: एका दाताला खडूची खूण, तोच दात पुढं आणि मागं फिरवून मोजायचा, फरक 0.1 मिमीच्या आत. मग फेन्स पात्याला समांतर. चुकायचीच असेल तर मागच्या टोकाला केसभर उघडी चुकू दे. मागं आवळली तर फळी पाते आणि फेन्समध्ये चेपते आणि पोटाच्या उंचीनं परत येते. रायव्हिंग नाइफ (पात्यामागची, काप मिटू न देणारी पट्टी) काढून ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या मागं उभा राहत नाही.

आणि दिशा! सॉवर फळी आपल्यापासून पलीकडं ढकलायची. राऊटरला टेबलाच्या उजव्या टोकाला येऊन पात्याकडं तोंड करून उभं राहायचं, फेन्स बिटच्या पलीकडं, फळी उजव्या हाताकडून डावीकडं. म्हणजे त्याच टेबलावर, त्याच फेन्सला टेकून, सॉची फळी पुढून मागं जाते आणि राऊटरची मागून पुढं येते. सवयीनं सॉसारखी ढकलली तर बिट फळी हातातून ओढून घेतं. बिट आणि फेन्सच्या मधून तर फळी कधीच घालू नये, ती बाणासारखी सुटते. मी टेबलावरच लाल ऑइलपेंटनं दोन बाण काढायच्या मताचा आहे. दिसायला गचाळ, पण बोटं मोजायला दहा राहतात.

वायरिंगचा हिशेब सोपा आहे. सॉ 2000 वॅट, राऊटर 1500, व्हॅक्यूम 1400. मिळून 4900, म्हणजे 230 व्होल्टला 21 अँपिअर. 16 च्या प्लगवर हे चालत नाही. मधे निवडीचा स्विच घालायचा: सॉ किंवा राऊटर, दोन्ही कधीच नाही. मग व्हॅक्यूम धरून फार तर 15 अँपिअर. स्विच लाइट गेल्यावर आपोआप बंद होणारा, आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारा पाहिजे. लाइट गेली, आपण चहाला वर गेलो, लाइट आली आणि खाली पातं एकटंच फिरतंय, हे दृश्य कुणाला नको.

भुश्शाला शेतीचा 63 मिमीचा पाइप स्वस्तात मिळतो. मधे भुसा साठायला रंगाची 20 लिटरची बादली. नळी तुंबली की व्हॅक्यूम बादलीच पिळून काढतो, म्हणून जाड बादली बघावी.

एवढं सगळं झाल्यावर एक गोष्ट उरते. फेन्स एकच असल्यामुळं ती एका वेळी एकाच जागी असते. राऊटरवर ड्रॉवरच्या खाचा लावून बसलं आणि एक फळी कापायची राहिली की सगळं सेटिंग मोडतं. म्हणून सगळे काप आधी, एक तुकडा जादा कापून, मगच राऊटर. फेन्सच्या स्केलचा शून्य पात्याच्या कडेवर ठरतो. 2.6 मिमीचा काप घेणारं पातं काढून 2.2 चं बसवलं की कड साधारण दोन दशांश सरकते, आणि स्केलची पट्टी तेवढी हलवावी लागते. रात्री साडेदहाला, शेवटचा ड्रॉवर राहिलेला असताना, स्क्रूड्रायव्हर नेमका टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असतो. मी स्केलकडं बघतो, पात्याकडं बघतो.

दोन दशांश. एकच की.