‘दख्खनचा कातळ हलत नाही’ म्हणणाऱ्यांना

“भूकंप प्लेटच्या कडेलाच होतात. आपण मधोमध, अखंड काळ्या कातळावर. बारीक धक्के बसले तर बरंच, ताण निघून जातो. आणि आपली दगडी घरं भक्कम!” २०२४ मध्ये हिंगोलीकडची जमीन हादरल्यावर असले मेसेज फिरू लागले. पाठवणाऱ्यांना धीरच द्यायचा असतो, पण यातलं एकही वाक्य तसंच्या तसं खरं नाही.

प्लेट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा. त्याच्या कडेला जास्त भूकंप होतात, हे मान्य. पण लातूर जिल्ह्यातली किल्लारी हिमालयापासून, म्हणजे आपल्या प्लेटच्या कडेपासून, हजार किलोमीटरहून लांब आहे आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. भारतीय प्लेट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर सरकत आशियाला रेटते. तो दाब मागे आपल्यापर्यंत येतो आणि जमिनीतल्या जुन्या, कमकुवत भेगांवर साचतो. इतका हळू, की दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षं जाऊ शकतात. मग पणजोबांच्या आठवणीत कुठून असणार? तेव्हाच्या सरकारी नकाशातही किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती.

कातळाचं म्हणाल, तर नंतर किल्लारीला खोल भोक पाडलं तेव्हा काळा पाषाण सुमारे ३४० मीटरांतच संपला. भूकंप उगम पावला तो त्याच्याही कित्येक किलोमीटर खाली, कितीतरी जुन्या खडकात.

बारीक धक्क्यांनी ताण निघतो? ६.२ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला ४.५ चे साडेतीनशेच्या आसपास धक्के लागतील. किल्लारीला १९९२ च्या ऑक्टोबरातही असेच धक्के बसले होते. प्रत्येक धक्क्यामागून मोठा भूकंप येतो असं नाही, पण त्यावर निर्धास्त होऊ नये.

घरांबद्दलचं वाक्य मात्र जीवघेणं आहे. किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक घरात झोपले होते. भिंती दोन-अडीच फूट रुंद, पण आतल्या आणि बाहेरच्या दगडांची रांग वेगवेगळी, मधे नुसता चिखल आणि चिपा. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, गळू नये म्हणून थरावर थर माती चढवलेलं. हादऱ्यासरशी भिंत मधोमध उकलली आणि ते ओझं झोपलेल्यांवर आलं. हजारो माणसं गेली.

तुमचं घर असं असेल, तर जाणता गवंडी किंवा इंजिनिअर बोलवा. भिंतीत आरपार दगड आहेत का, दार-खिडक्यांच्या वरून चारही भिंती बांधणारी काँक्रीटची पट्टी आहे का, माळवदावरची किती माती उतरवता येईल, हे त्याच्याकडून बघून घ्या.