घरपट्टी हा बहाणा नव्हता

महोदय,

अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह राजकारणाच्या उदयावरच्या माझ्या लेखावर आपली प्रतिक्रिया वाचली. आपलं म्हणणं थोडक्यात असं, की हे सगळं राजकारण गोऱ्यांच्या वंशद्वेषावर उभं राहिलं, ‘घरपट्टीचं रडगाणं हा निव्वळ बहाणा होता’, आणि मी ‘गोऱ्या शेजाऱ्यांची हुजरेगिरी’ करतोय. मतभेदाला माझी कधीच ना नव्हती. पण हुजरेगिरी? ओळख ना पाळख, आणि थेट माणसाच्या नियतीवर घसरायचं?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांपुरता आपला मुद्दा मान्य. रिपब्लिकन सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी वांशिक भेदभावावर बंदी आणणाऱ्या 1964 च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं. त्या वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते जिंकले ती 6 राज्यं, त्यांतलं त्यांचं स्वतःचं ॲरिझोना सोडलं तर बाकी सगळी दक्षिणेतली. मिसिसिपीत त्यांना 87 टक्के मतं पडली. ती कशामुळे पडली यावर वाद घालायचं कारण नाही.

पण मी लिहिलं होतं ते कॅलिफोर्नियाबद्दल. सत्तरच्या दशकात इथे घरांचे भाव भडकले आणि घरपट्टी बाजारभावाशी बांधलेली होती. पगार तोच, घर तेच, पण गल्लीतलं दुसरं एखादं घर चढ्या भावाने विकलं गेलं की आपली पट्टी वाढायची. पेन्शनवर जगणाऱ्याने ती भरायची कुठून? तिकडे राजधानी सॅक्रॅमेंटोत राज्याच्या तिजोरीत अब्जावधी डॉलर शिल्लक, आणि विधिमंडळाला तोडगा निघेना. करविरोधी चळवळ चालवणाऱ्या हॉवर्ड जार्व्हिस यांनी नेमकी ही नस पकडली. पट्टी मूल्याच्या 1 टक्क्यावर आणायची, मूल्य 1975 चं धरायचं, ते वर्षाला फार तर 2 टक्के वाढवायचं, नवं मूल्यांकन घर विकलं किंवा नवं बांधकाम केलं तरच. हे प्रॉपोझिशन 13, म्हणजे थेट मतदारांपुढे मतदानाला ठेवलेला प्रस्ताव. 6 जून 1978 ला जवळपास 65 टक्के मतदारांनी त्याला कौल दिला, तोही मतदार नोंदणीत डेमोक्रॅट जास्त असलेल्या राज्यात. गव्हर्नर जेरी ब्राउन आधी विरोधात होते, निकाल लागल्यावर तेच अंमलबजावणीला धावले. दोन वर्षांनी रिपब्लिकन रेगन करकपातीचं आश्वासन देत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत 44 राज्यं जिंकले. याला तुम्ही बहाणा म्हणता!

मी नव्वदच्या दशकापासून कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत राहतो. शेजारच्या आजींनी प्रॉपोझिशन 13 साठी त्या वेळी सुपरमार्केटबाहेर घडीचं टेबल टाकून सह्या गोळा केल्या होत्या. त्यांनी मला जुनी बिलं दाखवली. डिसेंबरचा हप्ता, एप्रिलचा हप्ता, आणि कडेला पेन्सिलीने नवऱ्याच्या पेन्शनमधून केलेली वजाबाकी. ती वजाबाकी मी डोळ्यांनी पाहिली आहे, तुम्ही नाही. आणि हेही ऐका: त्याच बांधणीच्या घराची मी त्यांच्या कित्येक पट पट्टी भरतो, कारण मी घर उशिरा घेतलं. या कायद्याचा मला फटकाच बसतो. हुजरेगिरी करणारा माणूस स्वतःच्या खिशाविरुद्ध कशाला लिहील?

वंशद्वेष काय असतो हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा फोनवर ‘रिकामं आहे’ म्हणणाऱ्या मालकाने मला दारात पाहून ‘आत्ताच गेलं’ सांगितलं होतं. तरीही आजींच्या वजाबाकीत मी वंशद्वेष शोधणार नाही.

1964 च्या प्रॉपोझिशन 14 चा दाखला आपण दिलात. घरं देताना भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा त्या मतदानाने उडवला, हे खरंच आहे. पण 1964 च्या मतावरून 1978 च्या मताचा हेतू ठरत नाही. मॉरल मेजॉरिटी ही ख्रिस्ती धार्मिकांची संघटना, गर्भपात, बंदुका या बाकीच्या यादीत मी शिरत नाही, तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता.

मुद्द्यावर लिहा, उत्तर मिळेल. ‘हुजरेगिरी’ हा शब्द मात्र आधी मागे घ्या.