कोड दोन रविवारांत झाला, जागा अजून ठरतेय

चारशे ओळी. मोजून चारशे ओळींचं एक पॅकेज आहे माझं, ईमॅक्स या कोड लिहायच्या एडिटरला जोडायचं. कोडमध्ये आपण 'हे नंतर बघू' अशा ज्या कमेंटा टाकून ठेवतो, त्या गोळा करून एका बफरमध्ये, म्हणजे ईमॅक्समधल्या एका पानावर, दाखवायच्या, सगळ्यात जुनी सगळ्यात वर. एवढंच काम. लिहायला दोन रविवार लागले. ते ठेवायचं कुठे, हे ठरवण्यात आठवा महिना चाललाय. आणि आज सकाळी आणखी एक इश्यू, म्हणजे वापरणाऱ्याची तक्रार, येऊन पडला: "हे अजून इथे का नाही?" नमस्कार नाही, चमत्कार नाही.

हा 'इथे' दर वेळी नवा असतो, हीच तर गंमत.

आधी नुसता रेपो होता, म्हणजे कोडचा आणि त्यातल्या बदलांचा गिटमधला साठा. क्लोन करा, म्हणजे उतरवून घ्या, तो कुठे ठेवलाय ते ईमॅक्सला सांगायला लोड-पाथमध्ये एक ओळ घाला, संपलं. तर म्हणे, एवढं कोण करत बसणार? बरं. मेल्पावर टाकलं, म्हणजे ईमॅक्स पॅकेजांच्या एका ऑनलाइन भांडारात. तिथली रेसिपी म्हणजे पॅकेज कुठून उचलायचं ते सांगणारी जेमतेम दोन ओळींची फाइल, पण त्याआधी पॅकेज-लिंट आणि चेकडॉक या चुका शोधणाऱ्या प्रोग्रॅमांची तोंडं बंद करावी लागतात. पहिल्या ओळीत तीन सेमीकोलन, फाइलचं नाव, तीन डॅश, मग वर्णन. प्रत्येक डॉकस्ट्रिंगची, म्हणजे फंक्शनसोबत लिहिलेल्या माहितीची, पहिली ओळ पूर्ण वाक्याची, शेवटी पूर्णविराम. केलं सगळं. खरं सांगायचं तर त्या तपासणीत माझ्या दोन अस्सल चुका सापडल्या, त्यामुळे तिथे माझं काही म्हणणं नाही.

पण मेल्पा थेट गिटमधून पॅकेज बनवतं. रात्री साडेअकराला डोळे चोळत 'उद्या बघू' म्हणून ढकललेलं कमिट, म्हणजे कोडमधला नोंदवलेला बदल, दुसऱ्या दिवशी लोकांच्या मशीनवर. मग ओरड: स्थिर आवृत्ती द्या! दिली. गिटमध्ये आवृत्तीच्या आकड्यांचे टॅग लावले, मेल्पा स्टेबल हे मेल्पाचंच दुसरं भांडार ते टॅग उचलतं. तोवर तिसरे महाशय हजर: "मी बाहेरचं आर्काइव्ह लावत नाही, ईमॅक्समध्ये मुळात जे येतं तेच वापरतो."

मुळात येतं ते ग्नू एल्पा हे भांडार, २०१२ च्या ईमॅक्स २४ पासून. तिथे कोडचा कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून द्यावा लागतो. मी सही करायला तयार आहे हो! पण माझ्या नोकरीच्या ठिकाणाहूनही एक कागद लागतो, आणि तो ज्या टेबलावर गेलाय तिथून अजून उठलेला नाही. शिवाय साधारण पंधरा ओळींपेक्षा जास्त भर घालणाऱ्या प्रत्येकाची सही हवी. माझ्याकडे एका भल्या माणसाने साठ ओळी दिल्यात आणि तो गायब झालाय. मेल परत येतो. म्हणजे त्याच्या साठ ओळी खोडून मी परत लिहायच्या, त्याही त्याच्यासारख्या न दिसतील अशा बेताने.

म्हणून नॉन-ग्नू एल्पा, त्याचंच शेजारचं भांडार. कागद नकोत, आणि २०२२ च्या ईमॅक्स २८ पासून ते आपसूक चालू असतं. वाटलं, सुटलो एकदाचे. कसलं काय! मेल्पा स्टेबल बघतं टॅग, आणि इथे बघतात फाइलच्या हेडरमधला, म्हणजे सुरुवातीच्या ओळींमधला, व्हर्जन आकडा. टॅग लावला आणि हेडर बदलायचं राहिलं, की एकीकडे १.३ आणि दुसरीकडे १.२. एकच पॅकेज, एकच रेपो, एकच मी.

आणि आता खरी डोकेदुखी. एकाने मेल्पा काढून टाकलं आणि नॉन-ग्नूवर आला. म्हणतो, अपडेटच येत नाही. स्क्रीनशॉट मागवला. त्याच्याकडची आवृत्ती: २०२४०३११.५४२. मेल्पा आवृत्ती म्हणून तारीख आणि वेळ लावतं ना! आता २०२४०३११ मोठे की १.३, हे पहिलीतलं पोरही सांगेल. ईमॅक्सच्या लेखी त्याच्याकडे माझ्यापेक्षा नवीन माल आहे. त्याला गाठायला मला दोन कोटी आवृत्त्या काढाव्या लागतील. उपाय एकच, पॅकेज उडवा आणि परत बसवा. रीडमी या पॅकेजच्या माहितीच्या फाइलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं. तेव्हापासून हाच प्रश्न चार जणांनी विचारलाय. चौघांनीही रीडमी उघडलेलं नाही, पैज लावतो.

बाकीच्या सूचनांची तर जत्राच आहे. डेबियन या लिनक्समध्ये घाला. थेट ईमॅक्समध्येच घाला, म्हणजे एक स्वल्पविराम दुरुस्त करायला मी ईमॅक्सच्या पुढच्या आवृत्तीची वाट बघत बसायचं. एकाने तर "व्हीएस कोडसाठी पण करा की" म्हणून टाकलं, म्हणजे दुसऱ्याच एडिटरसाठी. तिथेही दारं दोन आहेत, मायक्रोसॉफ्टचं मार्केटप्लेस वेगळं आणि त्याचीच मोकळी आवृत्ती व्हीएसकोडियम वापरणारे जिथून घेतात ते ओपन व्हीएसएक्स वेगळं. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं?

सकाळच्या त्या इश्यूवर मी शांतपणे लिहिलं, "तुम्ही पॅकेज करून सांभाळणार असाल तर स्वागत आहे." वीस मिनिटांत उत्तर आलं. अंगठा. नुसता वर केलेला अंगठा.

रागारागात बसून १.४ काढली, टॅग लावला, पुश केलं, इश्यू बंद केला. आत्ता हे लिहिताना फाइल उघडून बघतोय, तर हेडरमध्ये अजून १.३ च आहे.